मागे जायचं बटण कुठे आहे?

पन्नास हजारांचा फोन हातात आल्यावर माणूस आधी काय बघेल, याबद्दल कंपनीची एक ठाम समजूत असते. तो पडद्याचे रंग बघेल, कॅमेरा उघडेल, फोन उजेडात तिरका धरून पाठीवरची झळाळी न्याहाळेल. प्रत्यक्षात माणूस तळाशी डाव्या कोपऱ्यात अंगठा दाबतो, तिथे काही होत नाही म्हणून उजव्या कोपऱ्यात दाबतो, आणि मग काउंटरपलीकडच्या पोराला विचारतो, "मागे जायचं बटण कुठे आहे?"

"काका, आता बटण नसतं. कडेवरून आत बोट सरकवायचं."

काका सरकवतात आणि सेटिंग्जमधून थेट होम स्क्रीनवर येऊन पडतात. पुन्हा आत जातात, पुन्हा सरकवतात, या वेळी भलतंच काहीतरी उघडतं. पोरगा हसत नाही. दिवसभरात असे पुष्कळ काका त्याच्या काउंटरवर येऊन जातात, आणि त्यातले काही काका पंचविशीतले असतात.

प्रश्न वाटतो तितका बावळट नाही. अँड्रॉइड फोनच्या तळाशी वर्षानुवर्षं तीन खुणा असायच्या. त्यातली मागे जायची खूण गूगलच्या फोनात डावीकडे, तर सॅमसंगच्या फोनात उजवीकडे. चार-पाच वर्षं एकाच कंपनीचा फोन वापरला की हे ज्ञान डोक्यातून अंगठ्यात उतरतं आणि डोकं ते विसरून जातं. मग कंपनी बदलली की अंगठा स्वतःच्या मर्जीने जुन्या जागी जातो, आणि मेसेज बंद व्हायच्या ऐवजी सकाळपासून उघडलेल्या सगळ्या ॲपांची रांग समोर येते. २०१९ साली अँड्रॉइड १० आलं आणि कडेवरून बोट सरकवायची आजची पद्धत रूढ झाली. आयफोनकडे वळलेल्यांची गत आणखी वेगळी. तिथे मागे जायचं कायमचं असं बटण कधी नव्हतंच. असतो तो एक बाण, तोही वरच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे उजव्या हाताचा अंगठा पोचायला माणूस तबलजी तरी हवा.

यावर तोडगा आहे. बहुतेक अँड्रॉइड फोनांच्या सेटिंग्जमध्ये जाऊन तीन बटणं परत आणता येतात. काकांना हे कुणीतरी सांगतं, बटणं परत येतात, आणि काकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसतं. इथून पुढे आठवडाभर घरात एकच काम चालतं: नव्या फोनचा जुना फोन करणे. जुनाच वॉलपेपर, जुनीच रिंगटोन, अक्षरांचा जुनाच आकार, आणि व्हॉट्सॲपचं चिन्ह पूर्वी होतं तिथेच, तळाशी उजवीकडून दुसरं. कंपनीने दोन वर्षं खपून जे जे बदललं, ते ते घरच्या सोफ्यावर बसून एका रविवारी पूर्वपदावर आणलं जातं. पैसे नव्याचे दिलेले असतात, समाधान मात्र जुनं सापडल्याचं.

आकाराचं तेवढं पूर्वपदावर येत नाही. २००३ साली नोकियाचा ११०० आला तेव्हा त्याचं वजन ८६ ग्रॅम होतं. वर टॉर्च होता, बटणांत धूळ जाऊ नये म्हणून अखंड रबरी आवरण होतं, आणि तो जगभरात २५ कोटींच्या वर खपला. आजचा बरा फोन दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो आणि त्याचा पडदा पावणेसात इंचांच्या घरात असतो. मोठा फोन कोण घेणार, असं ॲपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांनी २०१० साली पत्रकारांसमोर बोलून दाखवलं होतं. चार वर्षांनी त्यांच्याच कंपनीने साडेपाच इंचांचा आयफोन काढला. भारतातल्या शर्ट शिवणाऱ्यांनी मात्र या घडामोडींची दखल घेतलेली नाही. छातीवरचा खिसा होता तेवढाच आहे. नवा फोन त्यातून अर्धा बाहेर डोकावतो आणि धनी नळाखालची बादली उचलायला वाकला की पुढचं काय ते ठरवतो. आता फोन पाण्याला दाद देत नाहीत म्हणतात. बादलीत पडलेला फोन खरोखर चालू राहिला, तर ती हकीकत पुढे प्रत्येक लग्नकार्यात सांगितली जाते.

म्हणूनच फोन विकत घेतल्यावर दहा मिनिटांत त्याला झाकून टाकायचं असतं. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा कुठल्याही गावच्या एसटी स्टँडसमोर हा विधी बघायला मिळतो. काचवाला पोरगा आधी ओल्या पुसणीने, मग कोरड्या पुसणीने पडदा पुसतो, चिकटपट्टीने शेवटचा धुळीचा कण उचलतो, श्वास रोखून टेम्पर्ड ग्लास सोडतो. ती मधून चिकटत कडेला जाते आणि नेमका एक बुडबुडा राहतो. "दोन दिवसांत जाईल आपोआप," तो सांगतो. तो जात नाही. मूळ काच बऱ्याचदा कॉर्निंग कंपनीची गोरिला ग्लास असते, ओरखडे पडू नयेत म्हणून प्रयोगशाळेत घडवलेली. तिचं रक्षण दीडशे रुपयांची काच करते. ॲपलने २०२३ साली प्रो मॉडेलांना टायटॅनियमची चौकट दिली, फोन हलका झाला म्हणून जाहिराती केल्या. ते टायटॅनियम मालकाने दुकानातच एकदा पाहिलं, त्यानंतर त्यावर काळं रबरी कव्हर चढलं. ज्येष्ठांची पसंती अजून डायरीसारख्या उघडणाऱ्या कव्हरला आहे. त्यात लोकलचा पास मावतो, अडीअडचणीची शंभराची नोट मावते आणि गजानन महाराजांचा छोटा फोटोही मावतो. इतकं सगळं झाल्यावर फोन किती मिलिमीटर पातळ आहे, हा प्रश्न निकाली निघतो.

खोक्याचं एक आहे. मराठी घरात फोनचं खोकं टाकत नाहीत. "विकायला काढला तर लागेल" या कारणाने ते कपाटावर जातं, आणि फोन विकायला काढेपर्यंत त्यात सेफ्टी पिना, रबरबँड आणि कुठल्यातरी शर्टाची जादा बटणं जमलेली असतात. अलीकडे या खोक्यांची जाडी कमी झाली. ऑक्टोबर २०२० मध्ये ॲपलने आयफोन १२ सोबत चार्जर द्यायचा बंद केला आणि कारण पर्यावरणाचं दिलं. सॅमसंगने त्यावरून जाहीर चेष्टा केली आणि तीनच महिन्यांत आपल्या एस२१च्या खोक्यातला चार्जर काढून घेतला. घरी चार्जर असतोच, हे या मागचं तत्त्व. भारतीय घराला ते अगदीच लागू पडतं. टीव्हीखालच्या खणात नोकियाचा जाड पिनचा असतो, बारीक पिनचा असतो, वायर सोललेली आणि चिकटपट्टी गुंडाळलेली जुनी मायक्रो यूएसबी असते. फक्त आत्ता लागणारा चार्जर नसतो. युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ अखेरपासून नव्या फोनांना टाइप-सी हेच तोंड सक्तीचं केलं, त्याआधीच ॲपलनेही आयफोन १५ला ते बसवलं, त्यामुळे निदान "कुणाकडे बारीक पिनचा आहे का?" ही लग्नघरातली आरोळी थांबली आहे. आता आरोळी "फास्टवाला आहे का?" अशी असते.

फोन चालू करून वायफाय जोडला की तो पहिली गोष्ट मागतो ती अपडेट. कालच कारखान्यातून आल्यासारखा दिसणारा फोन आपण जुने झालो आहोत असं सांगतो आणि तासभर स्वतःत बुडून जातो. पूर्वी अँड्रॉइडच्या आवृत्त्यांना अक्षरक्रमाने गोडाची नावं असत, तेव्हा वाट बघण्यात निदान चव होती. २०१६ साली 'एन' अक्षराची पाळी आली तेव्हा केरळच्या मंडळींनी नेय्यप्पम हे नाव लागावं म्हणून समाजमाध्यमांवर मोहीम चालवली होती. नाव पडलं नूगा. २०१८ साली 'पी'ची पाळी आली. पुरणपोळी! इतकी चालून आलेली संधी असताना महाराष्ट्रातून कुणी ब्रही काढल्याचं ऐकिवात नाही. गूगलने पाय म्हणून टाकलं आणि २०१९पासून गोडाची प्रथाच मोडली. पुढे कुणी पक्वान्नांची यादी मागितलीच तर आधीच अर्ज करून ठेवावा.

मग जुन्या फोनातलं नव्यात न्यायचं. दोन फोन शेजारी ठेवले जातात, वायर जोडली जाते आणि पडद्यावर "१२ मिनिटं शिल्लक" असं उमटतं. ही १२ मिनिटं चहा होऊन कपबश्या विसळून झाल्या तरी १२च राहतात. सामान मोठं असतं. त्यात हजारो फोटो असतात, आणि त्यांतले निम्मे फोटो सूर्योदय, मोगऱ्याची फुलं आणि वाफाळता कप यांचे. गूगलच्या संशोधकांनी भारतात फोनची जागा सारखी का संपते याचा शोध घेतला तेव्हा मोठा दोष निघाला तो 'गुड मॉर्निंग'च्या संदेशांचा. भारतात दर तीन स्मार्टफोनधारकांतल्या एकाच्या फोनची जागा रोज संपते, अशी बातमी २०१८ साली अमेरिकेच्या 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने छापली होती. नव्या फोनात जागा दुप्पट म्हणून माणूस खूश असतो. त्या जागेकडे अख्ख्या गोतावळ्याचे सुविचार डोळे लावून बसलेले असतात.

अँड्रॉइड सोडून आयफोनकडे जाणाऱ्यांची कसोटी इथे लागते. एप्रिल २०२३ मध्ये ॲपलचं भारतातलं पहिलं दुकान मुंबईत बीकेसीला उघडलं, कंपनीचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक स्वतः आले आणि माधुरी दीक्षितसोबत त्यांनी वडापाव खाल्ला. त्याचे फोटो देशभर फिरले. वडापाव या फोनवरून त्या फोनवर पाठवणं सोपं होतं. व्हॉट्सॲपचे जुने संवाद अँड्रॉइडवरून आयफोनवर न्यायची अधिकृत सोय त्याच्या जेमतेम वर्षभर आधी, २०२२ साली आली होती, आणि तिला एक अट होती: आयफोन कोरा हवा. म्हणजे आधी मेल जोडला, बँक जोडली, वॉलपेपर लावला, मित्रांना फोटो पाठवले, आणि चौथ्या दिवशी व्हॉट्सॲप उघडलं, तर उत्तर येणार की सगळं पुसा आणि पहिल्यापासून या. पाच वर्षांचा कुटुंबाचा ग्रुप की चार दिवसांची मेहनत, असा तो पेच. पुष्कळांनी कुटुंब सोडलं. कुटुंबाने त्याच संध्याकाळी सगळं पुन्हा पाठवलं.

संपर्कांची यादी मात्र सहसा बिनबोभाट येते, किंबहुना नको तितकी येते. सिममधून एकदा, गूगलमधून एकदा, जुन्या फोनमधून एकदा. त्यामुळे 'प्लंबर' तीनदा दिसतो, 'प्लंबर नवा' दोनदा, आणि 'प्लंबर नको' हा एकटाच, पण तो सगळ्यात वर. सिममध्ये साठवलेली नावं अर्धी तुटलेली असतात, कारण तिथे मोजक्याच अक्षरांची जागा असते. 'जोशी काका ठाणे' आणि 'जोशी काका ठाकुर्ली' हे दोघे तिथे 'जोशी काका ठा' एवढेच उरतात. यातला कोण कोण हे फोन लावूनच कळतं, आणि लावलाच आहे म्हटल्यावर दोघांशीही पंधरा मिनिटं बोलावं लागतं.

खरी परीक्षा बाजारात. नवा फोन मिरवत माणूस भाजीला जातो, वीस रुपयांची कोथिंबीर घेतो, ऐटीत कोड स्कॅन करायला फोन पुढे करतो, आणि ॲप म्हणतं, आधी तुमचा नंबर पडताळू. यूपीआय २०१६ साली सुरू झालं तेव्हापासून त्याचा नियम आहे की खातं नुसत्या नंबराशी नव्हे, तर ज्या हँडसेटमध्ये ते सिम आहे त्याच्याशी बांधलेलं असतं. हँडसेट बदलला की नव्या फोनमधून एक एसएमएस आपोआप जातो आणि त्यावरून बँक ओळख पटवते. फोनात दोन सिमं असली की तो एसएमएस हमखास दुसऱ्या सिमवरून जातो, निदान भाजीवालीसमोर तरी तिथूनच जातो. मग पुन्हा प्रयत्न करा. मग नेटवर्क नाही. मग काही वेळाने प्रयत्न करा.

"मावशी, एक मिनिट हां, नवीन फोन आहे."

"ऱ्हाऊ द्या दादा, उद्या द्या," मावशी म्हणतात. पुढच्या गिऱ्हाइकाची मेथी तोलत विचारतात, "जुना बिघडला होता का?"

बिघडला नव्हता. हेच तर सांगता येत नाही. शेजारच्या नारळवाल्याचा स्पीकर तेवढ्यात कुणाचेतरी चाळीस रुपये मिळाल्याचं बाजारभर सांगतो. रात्री घरी सगळं जुळून येतं तेव्हा ॲप आणखी एक गोष्ट कळवतं, की हँडसेट नवा असल्यामुळे पहिला दिवस पाठवायच्या रकमेवर मर्यादा आहे. हा नियम चोरांसाठी केलेला आहे आणि चांगला आहे. फक्त त्या पहिल्या दिवशी चोर आणि मालक यांच्यात फोनला फरक कळत नाही, याचं थोडं वाईट वाटतं.

रात्री झोपताना फोन बंद करावा म्हटलं, तर तोही होत नाही. पॉवरचं बटण दाबून धरलं की फोन बंद व्हायचा, हे मोबाइलविषयीचं सर्वांत जुनं आणि सर्वांत पक्कं ज्ञान. आयफोन टेनपासून ते बटण दाबून धरलं की सिरी हजर होते. सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत बिक्स्बी यायची, हल्लीच्यांत जेमिनी येतो. फोन झोपवायला जावं तर तो विचारतो, काय मदत करू? बंद करायचं असेल तर बँकेच्या लॉकरला लागतात तशा दोन किल्ल्या लागतात, पॉवर आणि आवाज ही दोन्ही बटणं एकदम. वैतागून पॉवरचं बटण भराभर दाबत सुटणं तर त्याहून धोक्याचं. आपल्याकडे २०१७पासून नव्या फोनांत संकटकाळच्या मदतीची सोय असणं सरकारने बंधनकारक केलं, आणि स्मार्टफोनसाठी सुचवलेला मार्ग म्हणजे पॉवर बटण लागोपाठ तीनदा दाबणं. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांत पाचदा दाबलं की आणीबाणीचा फोन लागतो. ब्रिटनमध्ये २०२३च्या उन्हाळ्यात पोलिसांच्या नंबरावर अचानक मुक्या फोनांचा पाऊस पडला. चौकशीअंती पोलिसांनीच लोकांना कळवलं, की खिशात बटण दाबलं जातंय, सेटिंग बघा. आपल्याकडे ११२वरून विचारणा झाली तर बाबा काय सांगतील ते ऐकण्यासारखं असेल: "साहेब, काही नाही हो, फोन बंद करत होतो."

कॅमेऱ्याचं कौतुक मात्र करावंच लागतं, कारण पैसे त्याचेच लागलेले असतात. २०० मेगापिक्सेल असं खोक्यावर छापलेलं असतं. फोटो काढला की तो साधारण १२ मेगापिक्सेलचाच निघतो, कारण फोन सोळा-सोळा बिंदू एकत्र करून एक बिंदू बनवतो. अंधारात फोटो बरा यावा म्हणून तसं करतात. हे कळल्यावर हिशेबी माणूस उरलेल्या १८८ मेगापिक्सेलचं काय झालं ते विचारतो. घरच्यांना तो हिशेब नको असतो, त्यांना आजीचा फोटो हवा असतो. तो निघतो, आणि त्यात आजीच्या चेहऱ्यावर एकही सुरकुती नसते. बऱ्याच फोनांत चेहरा गुळगुळीत करायची खोड आधीपासूनच चालू ठेवलेली असते. आजी फोटो हातभर लांब धरून बघते आणि विचारते, "ही कोण?"

कोजागरीचा चंद्र हा पुढचा टप्पा. गच्चीवर मसाला दूध आटत असतं, आणि नव्या फोनचा मालक शंभर पट झूम करून चंद्र टिपत असतो. फोटोत विवरं दिसतात, काळे डाग दिसतात, सगळी गच्ची थक्क होते. मार्च २०२३ मध्ये इंटरनेटवरच्या एका खटपट्याने चंद्राचा मुद्दाम पुसट केलेला फोटो संगणकाच्या पडद्यावर लावला, खोलीत अंधार केला आणि सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला. पुसट फोटोत नसलेली विवरं फोनच्या फोटोत उमटली! कंपनीने खुलासा केला की फोन चंद्र ओळखतो आणि शिकून ठेवलेल्या माहितीवरून त्याचे बारकावे उठावदार करतो. हे जमतं, कारण चंद्राची एकच बाजू कायम पृथ्वीकडे असते. तो दरवेळी सारखाच दिसतो, त्यामुळे एकदा पाठ केला की झालं. आटलेलं दूध तरी खरं असतं, हे गच्चीवरच्यांचं नशीब.

चेहरा दाखवून कुलूप उघडणं हे पहिल्या दिवशी पाहुण्यांना करून दाखवायचं काम. ॲपलचं यंत्र चेहऱ्यावर ३० हजारांहून जास्त अदृश्य ठिपके टाकून मोजमाप घेतं. करोनात अख्खा देश मास्क लावून बसला तेव्हा त्या ठिपक्यांचंही काही चाललं नाही, आणि मास्कसकट ओळखायची युक्ती मार्च २०२२ मध्ये आली, म्हणजे बहुतेकांनी मास्क काढल्यावर. मुंडावळ्यांचं काय, याचा विचार अजून कॅलिफोर्नियात झालेला दिसत नाही. बोटाचा ठसा त्यातल्या त्यात भरवशाचा म्हणावा, तर कणीक मळता मळता फोन आला की त्याचीही पंचाईत, आणि ज्यांची बोटं विटा-सिमेंटात किंवा शेतात झिजली आहेत त्यांना फोन एकसारखा "पुन्हा ठेवा" म्हणत राहतो.

कळफलक हे खरं तर नव्या फोनचं सर्वांत मोठं दुःख, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. जुन्या फोनला वळण लागलेलं असतं. 'वा' लिहिलं की तो 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' इथपर्यंत एका दमात नेऊन सोडायचा, 'भा' म्हटलं की 'भावपूर्ण श्रद्धांजली'. ही दोनच वाक्यं लागतात म्हणा ना महिनाभराला. नवा फोन 'वा'ला 'वाहतूक' सुचवतो आणि 'भा'ला 'भारतातील'. त्याला घरची माणसं माहीत व्हायला वेळ लागतो. तोवर ग्रुपवर उशिरा शुभेच्छा दिल्याचा ठपका येतो.

कॉल रेकॉर्डिंगचंही तसंच. भावकीतल्या बांधाच्या वादापासून सोसायटीच्या पार्किंगपर्यंत अनेक प्रकरणांत मराठी माणसाचा या सोयीवर भारी जीव. मे २०२२पासून गूगलने रेकॉर्डिंगच्या बाहेरच्या ॲपांचा मागचा दरवाजा बंद केला. ज्या फोनांत गूगलचं स्वतःचं डायलर असतं, तिथे रेकॉर्डिंग सुरू करताच एक बाई दोन्ही बाजूंना ऐकू जाईल अशा आवाजात तसं जाहीर करते. आयफोनला ही सोय ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाली, तिथेही दवंडी आहेच. परिणाम बघण्यासारखा होतो. घोषणा झाली रे झाली की क्षणापूर्वी एकमेकांची पाच पिढ्यांची उणीदुणी काढणारे दोघे चुलतभाऊ "नमस्कार, बोला, कसे आहात" असं आकाशवाणीच्या मराठीत बोलू लागतात. पुरावा म्हणून त्या रेकॉर्डिंगचा उपयोग शून्य. भावकीतला सलोखा मात्र दोन मिनिटं टिकतो.

फोन बदलतो तो फक्त घेणाऱ्याचा, असं मानलं तर हिशेब चुकतो. आपल्याकडे कपडे थोरल्याकडून धाकट्याकडे जातात, दादाचा शर्ट चिंटूला होतो. फोन बरोबर उलटे, खालून वर चढतात. मुलाने नवा घेतला की त्याचा जुना आईकडे जातो, आईचा बाबांकडे आणि बाबांचा आजीकडे. एका खरेदीत चार माणसं फोन बदलतात, आणि त्यांतल्या तिघांनी तो मागितलेलाच नसतो. "माझा चांगला चाललाय रे," आई म्हणते. "अगं त्याला आता अपडेट येत नाहीत." अपडेट येत नाहीत ही आईच्या दृष्टीने त्या फोनची सर्वांत मोठी खुबी असते.

आजीच्या वाट्याला आलेल्या फोनचा तर विचारच कुणी केलेला नसतो. तिला तीन गोष्टी हव्या असतात: मोठी अक्षरं, मोठा आवाज आणि आलेला फोन उचलता येणं. पहिल्या दोन सेटिंग्जमध्ये मिळतात. तिसरीत खोच आहे. आधीच्या फोनला हिरवं बटण होतं, दाबलं की नात बोलायला लागायची. या फोनवर हिरवा गोल नुसता दिसतो, दाबून उपयोग नाही. तो वर ढकलायचा असतो. काही फोनांत वर, काहींत बाजूला. आजी बोट टेकवते, उचलते, पुन्हा टेकवते, जरा जोरात टेकवते. फोन वाजून वाजून थांबतो. "तिकडून बंद केला बहुतेक," ती म्हणते. तिकडून नात आईला फोन करते, "आजी फोन का उचलत नाही? बरी आहे ना?" काही फोनांत सेटिंग्जच्या पोटात, सुलभतेच्या विभागात, नुसत्या टिचकीने फोन उचलायची सोय असते. ती शोधून चालू करणारा नातू घरात असला तर दहा वाद वाचतात. नसला तर आजी जुना बटणांचा फोन परत मागते, आणि तो अजून चालू असतो.

या चढत्या वारशात एक तांत्रिक भानगडही आहे. २०१५ साली अँड्रॉइड ५.१ने चोरीला आळा बसावा म्हणून एक कुलूप आणलं: आधीचं गूगल खातं न काढता थेट रिकव्हरीतून फोन पुसला तर तो जुन्याच खात्याचा पासवर्ड मागतो आणि दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. चोराला नडावं म्हणून आणलेलं हे कुलूप घरोघरी आईला नडतं, कारण मुलगा बेंगळुरूला मीटिंगमध्ये असतो आणि पासवर्ड त्यालाही आठवत नसतो. उलट फोन न पुसता तसाच दिला तर आणखी मजा. खातं मुलाचंच राहतं, आणि आईच्या भिशीचे, हळदीकुंकवाचे आणि संकष्टीच्या मोदकांचे फोटो मुलाच्या गूगल फोटोजमध्ये जमा होऊ लागतात. जून २०२१पासून तिथली फुकटची अमर्याद साठवण बंद झाली आहे, सगळं १५ जीबीत बसवायचं असतं. मुलाचा मेल एके दिवशी भरल्याचा निरोप येतो तेव्हा त्याला कळतं की आपलं खातं मोदकांनी भरलं.

तेव्हा यंदा दसऱ्याला किंवा पाडव्याला नवा फोन घ्यायचा विचार असेल, तर अवश्य घ्या, फक्त पूजेचं कुंकू कॅमेऱ्याच्या काचेवर आणि स्पीकरच्या जाळीत जाऊ देऊ नका. जुना फोन घरात वर सरकवण्याआधी त्यातलं आपलं गूगल खातं काढा, बँकेची ॲपं बंद करा, मग सेटिंग्जमधून रीसेट मारा, या क्रमाने. आईच्या फोनात आईचंच खातं उघडा आणि पासवर्ड तिच्या किराण्याच्या नव्हे, निराळ्या वहीत लिहून ठेवा. आजीसाठी मात्र एक अख्खी दुपार मोकळी काढा. शेजारच्या खोलीत जाऊन तुम्हीच तिला फोन लावा, आणि ती उचलेपर्यंत कट करू नका.